मेरी लू विल्यम्स : पियानोवादिका, संयोजक की संगीतकार?

मंद्रसप्तक यांचा प्रश्न

नमस्कार. जॅझच्या इतिहासावर जे काही वाचावे त्यात मेरी लू विल्यम्स यांचे नाव येतेच, परंतु ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी आधाराने येते. अँडी कर्क यांच्या वाद्यवृंदातील पियानोवादिका, बँडप्रमुख बेनी गुडमन यांना ‘रोल एम’ ही रचना लिहून देणाऱ्या, थेलोनियस मंक आणि बड पॉवेल हे पियानोवादक तरुणपणी ज्यांच्या घरी जाऊन बसत त्या वडीलधाऱ्या बाई, एवढी ओळख करून दिली की लेखक पुढच्या मोठ्या नावाकडे वळतो. १९१० साली अटलांटा येथे जन्मलेल्या आणि १९८१ साली अमेरिकेतीलच डरहॅम येथे निवर्तलेल्या या कृष्णवर्णीय बाईंनी अर्धशतकाहून अधिक काळ संगीत केले. त्यांचे १९३० मधील ‘नाइट लाइफ’ हे एकल वादन, १९४५ ची ‘झोडिॲक स्वीट’, १९६४ ची ‘ब्लॅक क्राइस्ट ऑफ द अँडीज’ आणि १९७४ ची ‘झोनिंग’ या ध्वनिमुद्रिका ओळीने ऐकल्या तर त्या एकाच व्यक्तीच्या आहेत यावर सहज विश्वास बसत नाही.

म्हणून जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, काळ बदलेल तशी आपली शैली बदलत गेलेली एक हुशार वादक म्हणून त्यांच्याकडे पाहावे, की स्वतःचे असे काही रचणाऱ्या संगीतकार म्हणून? दोन, १९५४ साली पॅरिसमध्ये असताना त्यांनी वादन सोडले, पुढे कॅथलिक धर्म स्वीकारला आणि चर्चसाठी संगीत लिहिले. त्या उत्तरार्धातील रचनांना जॅझमध्ये जागा द्यावी की ती श्रद्धेपोटी केलेली वेगळी गोष्ट समजावी? ऐकण्याची सुरुवात कोठून करावी हेही कोणी सांगितले तर आभारी राहीन.

ब्रास सेक्शन यांचे उत्तर

आपल्या पहिल्या प्रश्नात वादक आणि संगीतकार अशी जी विभागणी आहे, तिच्यामुळेच मेरी लू नजरेआड होतात असे माझे मत आहे. त्यांचे सर्वांत दूरगामी काम या दोहोंच्या मध्ये, म्हणजे वाद्यवृंदाच्या संयोजनात आहे, आणि संयोजकाचे नाव लक्षात ठेवण्याची सवय श्रोत्यांना कोणत्याच देशात फारशी नसते. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही हेच झाले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड या गोव्याहून आलेल्या मंडळींनी वाद्यमेळाचे कागद लिहिले, आणि गाणे घराघरांत पोहोचल्यावर संगीतकाराचे नाव राहिले व यांचे मागे पडले. तिसाव्या दशकातील अमेरिकेत रेकॉर्डवर नाव असे ते बँडच्या प्रमुखाचे. आतील रचना कोणाची, हे पाहण्यासाठी बारीक अक्षरे वाचावी लागत.

हे शिक्षण त्यांना कसे मिळाले ते पाहण्यासारखे आहे. पिट्सबर्गमध्ये लहानपणी एका नाट्यगृहात त्यांनी पियानोवादिका लव्ही ऑस्टिन यांना पाहिले. तोंडात सिगारेट, डाव्या हाताने चालू खेळाला साथ, आणि उजव्या हाताने पुढच्या प्रवेशाचे संगीत कागदावर उतरवणे, असे ते दृश्य होते आणि आपणही असेच व्हायचे हे त्यांनी तेथेच ठरवले, असे त्या पुढे अनेकदा सांगत. प्रत्यक्षात मात्र त्यांना स्वरलेखन येत नव्हते. पती जॉन विल्यम्स हे सॅक्सोफोनवादक अँडी कर्क यांच्या ‘ट्वेल्व्ह क्लाउड्स ऑफ जॉय’ या वाद्यवृंदात होते. त्यांच्यामुळे मेरी लू तेथे पोहोचल्या तेव्हा आपल्या कल्पना त्या पियानोवर वाजवून दाखवत आणि कर्क त्या लिहून घेत. कर्क यांच्याकडूनच त्या लिहायला शिकल्या. आरंभीच्या कागदांत त्या एखाद्या वाद्याला त्याच्या आवाक्याबाहेरचे स्वर देऊन बसत, आणि मग वादकांकडून प्रत्येक वाद्याची मर्यादा समजावून घेत. शाळेत न जाता मंचावरच झालेले हे शिक्षण आहे, आणि म्हणूनच त्यांच्या संयोजनात वाद्याची जाण पुस्तकी वाटत नाही.

१९३६ ची ‘वॉकिन अँड स्विंगिन’ ही रचना लक्ष देऊन ऐका. सॅक्सोफोनांच्या ओळीत त्यांना हवा तो स्वरमेळ पुरा करायला एक आवाज कमी पडत होता, तेव्हा त्यांनी एका ट्रंपेटला त्या ओळीत बसवले. त्या काळी ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे ताफे एकमेकांना सवाल-जवाब करत. एका ताफ्यातील वाद्य उचलून दुसऱ्यात मिसळणे, आणि ते मिसळले आहे हे कळूही न देणे, हा सराईत रचनाकाराचा निर्णय आहे. याच रचनेतील एक स्वरवाक्य पुढे मंक यांच्या ‘रिदम-अ-निंग’मध्ये जवळजवळ जसेच्या तसे आले. आता मंक यांची ती रचना जगभर वाजते आणि तिचे मूळ कोठले हे क्वचितच सांगितले जाते. मंक यांचा मोठेपणा याने कमी होत नाही, कारण एकमेकांचे घेणे हा या संगीताचा धर्मच आहे. परंतु घेतले कोणाकडून, हे नोंदवणे इतिहासकाराचे काम आहे, आणि ते नीट झालेले नाही.

कर्क यांच्याकडे असतानाच त्या गुडमन, अर्ल हाइन्स, टॉमी डॉर्सी, जिमी लन्सफर्ड अशा प्रमुखांनाही लिहून देत. ‘रोल एम’ १९३७ ची आहे. एका हाताने पियानोवर वाजणारी बूगी-वूगीची चाल पूर्ण वाद्यवृंदावर पसरवून दाखवण्याचा तो प्रयोग आहे, आणि गुडमन यांच्या बँडच्या लोकप्रियतेत त्याचा वाटा मोठा आहे. पुढे ड्यूक एलिंग्टन यांच्यासाठी त्यांनी ‘ट्रंपेट नो एंड’ केले. स्वतः थोर रचनाकार असलेल्या आणि आपल्या बँडचा आवाज जिवापाड जपणाऱ्या एलिंग्टन यांनी बाहेरच्या हाताला आपल्या वाद्यवृंदासाठी लिहू द्यावे, यातच त्यांचे मत आले.

काळी दोन यांचे उत्तर

वरील सारे मान्य करूनही मला पियानोकडे परत यावेसे वाटते, कारण त्या संयोजनामागे बोटे आहेत. त्यांची आई चर्चमध्ये आणि घरी रीड ऑर्गन वाजवत असे. आपल्या संगीत नाटकांत जो ऑर्गन असे त्याच जातीचे ते पायाने भाता मारायचे वाद्य. आईच्या मांडीवर बसलेल्या चिमुरड्या मेरीने एके दिवशी आईने नुकतेच वाजवलेले पट्ट्यांवर परत वाजवून दाखवले. त्यानंतर आईने तिला मुद्दाम शिक्षक लावला नाही. शिकवणीमुळे आपल्याला कागदाशिवाय काही वाजवता येईनासे झाले, ते मुलीचे होऊ नये, अशी तिची इच्छा होती. त्याऐवजी ती वादकांना घरी बोलावी आणि मुलीला ऐकवी. इतक्या लहान वयात कानावर एवढा भरवसा टाकला गेला, याचा परिणाम त्यांच्या सर्व वादनात दिसतो. नवे काही ऐकले की ते त्यांच्या हातात येत असे.

‘नाइट लाइफ’ शिकागोत ध्वनिमुद्रित झाले तेव्हा त्या विशीच्या उंबरठ्यावर होत्या, आणि पूर्वतयारीविना वाजवायला बसवल्यावर ते त्यांनी तेथेच रचले. ‘मेरी लू’ हे नावही ब्रन्सविक कंपनीच्या जॅक कॅप यांनी त्याच सुमारास दिलेले. डाव्या हाताची स्ट्राइड पद्धतीची झेप, म्हणजे खालचा खर्ज आणि मधला स्वरमेळ यांत सतत ये-जा, इतकी ठाम आहे की ताल देणारे दुसरे कोणी नाही हे जाणवत नाही.

त्या काळातील कॅन्सस सिटी समजून घेतल्याशिवाय हे वादन समजत नाही. टॉम पेंडरगास्ट यांच्या राजकीय वर्चस्वाखाली त्या शहरातले क्लब मंदीच्या काळातही रात्रभर उघडे असत आणि वादक पहाटेपर्यंत एकमेकांशी भिडत. सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स गावात आले आणि चेरी ब्लॉसम क्लबात लेस्टर यंग, बेन वेबस्टर, हर्शेल इव्हान्स यांच्याशी त्यांची जुगलबंदी चालली, तेव्हा बाकीचे पियानोवादक थकून गेल्यामुळे पहाटे चारच्या सुमारास वेबस्टर यांनी आपल्या खिडकीवर टकटक करून आपल्याला उठवले, अशी आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. थकलेल्या पुरुषांच्या जागी बसवायला ज्यांना उठवले जाते, त्यांच्या दमसासाबद्दल आणखी पुरावा नको.

आता आपल्या ‘काळ बदलेल तशी शैली’ या शब्दांविषयी. त्या काळाच्या मागे गेल्या, हे मला मान्य नाही. चाळीसच्या दशकात त्या न्यू यॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधील कॅफे सोसायटी या क्लबात वाजवत. बार्नी जोसेफसन यांचा हा क्लब काळे आणि गोरे श्रोते एकत्र बसतील अशा हेतूनेच काढलेला होता. तेथील काम संपल्यावर हार्लेममधील हॅमिल्टन टेरेस या रस्त्यावरच्या त्यांच्या घरी मंक, पॉवेल, ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी, रचनाकार टॅड डॅमरन जमत आणि आपापल्या नव्या रचना त्यांच्यासमोर ठेवत. त्यांच्या पिढीतील अनेक वादकांना बीबॉप, म्हणजे या तरुणांचा वेगवान, गुंतागुंतीचा नवा जॅझ, हा गोंगाट वाटत होता. मेरी लू मात्र त्यातील स्वरमेळ ऐकून, हे आम्ही कॅन्सस सिटीत रात्री उशिरा वाजवत होतोच, असे म्हणू शकत होत्या, आणि ते त्यांच्या तोंडी शोभणारे होते. मंक यांना तर त्यांनी तिसाव्या दशकात, ते एका धर्मप्रचारिकेच्या मेळ्याबरोबर गावोगाव फिरत असताना, कॅन्सस सिटीतच ऐकले होते. १९४९ मध्ये गिलेस्पी यांच्या बँडने वाजवलेली ‘इन द लँड ऑफ ऊ-ब्ला-डी’ ही त्यांची आणि मिल्ट ओरेंट यांची रचना शुद्ध बीबॉप आहे.

उत्तररात्र यांचे उत्तर

दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहिते. १९५४ चा तो निर्णय अचानक घेतलेला वाटतो, पण त्याआधीची वर्षे पाहिली की तसे वाटत नाही. १९५२ च्या अखेरीस त्या थोड्या दिवसांसाठी म्हणून इंग्लंडला गेल्या आणि दोन वर्षे युरोपातच राहिल्या. पैशांची विवंचना होती, रात्रीच्या क्लबांतल्या जगण्याचा वीट आला होता, आणि मे १९५४ मध्ये त्यांचे पियानोवादक मित्र गार्लंड विल्सन पॅरिसमध्ये वारले. त्याच वर्षी वाजवता वाजवता त्या उठल्या आणि निघून गेल्या. न्यू यॉर्कला परतल्यावर काही महिन्यांतच, मार्च १९५५ मध्ये, बीबॉपचे अग्रणी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर गेले. ज्या मुलांना त्यांनी आपल्या घरी जेवू घातले आणि वाजवू दिले, त्यांच्यातील एकेक जण व्यसनाने आणि आजाराने संपत असताना पियानोवर बसणे त्यांना निरर्थक वाटले असेल तर त्यात नवल नाही.

मे १९५७ मध्ये गिलेस्पी यांच्या पत्नी लॉरेन यांच्याबरोबर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळात व्यसनात अडकलेल्या वादकांना त्या आपल्या घरी आणून सांभाळत. त्यांच्यासाठी त्यांनी ‘बेल कँटो फाउंडेशन’ काढले आणि त्याला पैसा मिळावा म्हणून जुन्या कपड्यांचे आणि वस्तूंचे दुकान चालवले. संगीतात परत जा, तुझी प्रार्थना तीच आहे, असे त्यांना समजावणाऱ्यांत गिलेस्पी होते तसे दोन धर्मगुरूही होते. १९५७ च्या न्यूपोर्ट महोत्सवात गिलेस्पी यांच्या वाद्यवृंदाबरोबर त्या पुन्हा लोकांसमोर वाजवायला बसल्या.

चर्चसाठी लिहिलेले संगीत जॅझ आहे का, याचे उत्तर मी निःशंकपणे होय असे देईन, आणि त्यासाठी त्या वेळचा चर्चचा नियम सांगणे आवश्यक आहे. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी काढलेल्या आदेशात चर्चमध्ये पियानो वाजवण्यास आणि ढोलांसारख्या वाद्यांस स्पष्ट मनाई होती. दुसरी व्हॅटिकन परिषद ऑक्टोबर १९६२ मध्ये सुरू झाली आणि उपासनेविषयीचा तिचा ठराव, ज्यात इतर वाद्यांना वाट मोकळी झाली, तो डिसेंबर १९६३ चा. मेरी लू यांनी संत मार्टिन दे पोरेस यांच्यावरील स्तोत्र (‘ब्लॅक क्राइस्ट ऑफ द अँडीज’ ते हेच) लिहिले ते १९६२ मध्ये, म्हणजे तो ठराव होण्यापूर्वी. पेरूची राजधानी लिमा येथील हे मिश्रवंशीय संत, आजाऱ्यांची आणि गरिबांची सेवा करणारे. त्यांना संतपद त्याच वर्षी मिळाले होते. आपल्या वंशातील संतासाठी आपल्या वंशाच्या संगीतात स्तोत्र लिहावे, हा विचार पुरेसा धीट होता.

आणि ते स्तोत्र भोळ्या भक्तीचे नाही. बहुतांश भाग केवळ कंठांचा आहे, मधेच पियानो लॅटिन लयीत थोडा वेळ येतो आणि जातो. गायकांच्या ओळी एकमेकींच्या इतक्या जवळून सरकतात की, वर ब्रास सेक्शन यांनी सांगितलेली सॅक्सोफोनांची ओळ येथे माणसांच्या गळ्यात गेली आहे, असे मला ऐकताना वाटते. एलिंग्टन यांनीही पवित्र संगीताच्या मैफली १९६५ पासून केल्या, पण त्या अधिक दिमाखाच्या आहेत. मला मेरी लू यांचे हे स्तोत्र त्यांहून अधिक खोल वाटते, आणि हे मत विचारपूर्वक लिहीत आहे.

त्यांनी एकूण तीन मास, म्हणजे कॅथलिक उपासनेतील संगीतरचना, रचले. तिसरा पुढे ‘मेरी लूज मास’ म्हणून ओळखला गेला, १९७१ मध्ये ॲल्विन एली यांनी त्यावर नृत्य बसवले आणि १९७५ मध्ये तो न्यू यॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये सादर झाला. या मासचे काही भाग, विशेषतः तरुण मंडळींना गाता यावेत म्हणून केलेले, मला फार साधे वाटतात. त्यांचा हेतू सर्वांनी मिळून गाण्याचा होता आणि तेवढ्यापुरते ते योग्यच आहेत, परंतु स्तोत्राच्या बरोबरीला ते येत नाहीत.

मंद्रसप्तक

तिघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. ‘झोडिॲक स्वीट’ हे त्यांचे सर्वांत महत्त्वाकांक्षी काम मानले जाते, पण मला ती तुटक वाटली. काही भाग सुरू होतात आणि रंग भरण्याआधीच संपतात. शिवाय १९७७ मध्ये मुक्त जॅझचे पियानोवादक सेसिल टेलर यांच्याबरोबर त्यांनी केलेली मैफल मला ऐकवेना. ज्यांना एवढी रचनेची जाण होती त्यांनी तेथे काय साधले?

ब्रास सेक्शन यांचे उत्तर

तुटकपणाचे कारण तिच्या जन्मात आहे. १९४५ मध्ये त्यांचा डब्ल्यूएनईडब्ल्यू या रेडिओ केंद्रावर साप्ताहिक कार्यक्रम असे, आणि बारा राशींचे भाग त्या दर आठवड्याला एकेक करून लिहीत गेल्या. काही भाग तर वाजवत असतानाच पुरे केले. प्रत्येक भाग त्या त्या राशीच्या स्नेह्यांना अर्पण केलेला आहे. ‘एरीज’ म्हणजे मेष बेन वेबस्टर आणि गायिका बिली हॉलिडे यांना, ‘टॉरस’ म्हणजे वृषभ एलिंग्टन यांना (मेरी लू यांची स्वतःची रासही तीच), ‘लिब्रा’ म्हणजे तूळ पियानोवादक आर्ट टेटम, गिलेस्पी, पॉवेल आणि मंक यांना. म्हणून ती व्यक्तिचित्रांची माला समजून ऐकावी. ‘एरीज’ मधेच थांबते, लय बदलते, परत उसळते, आणि वेबस्टर यांचा स्वभाव ज्यांना वाचून ठाऊक आहे त्यांना तो तुटकपणा खुलासेवार वाटतो. ‘लिब्रा’मध्ये फ्रेंच संगीतकारांची छाया आहे. हे स्वरमेळ जॅझच्या पियानोत सर्रास ऐकू येण्याच्या आधीचे आहेत.

यापलीकडचा दोष आहे तो सादरीकरणाचा. ३१ डिसेंबर १९४५ रोजी न्यू यॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी ही रचना छोट्या वाद्यवृंदासह मांडली, पण तालमी पुरेशा झाल्या नव्हत्या आणि ते त्या ध्वनिमुद्रणात ऐकू येते. पुढच्या वर्षी कार्नेगी हॉलमध्ये तिचे तीन भाग मोठ्या वाद्यवृंदावर झाले. जॅझच्या रचनाकाराला, त्यातही कृष्णवर्णीय स्त्रीला, १९४६ मध्ये ती संधी मिळणे किती दुर्मीळ होते हे वेगळे सांगायला नको. आणि मग ती रचना जवळजवळ बाजूला पडली. एलिंग्टन यांना आपल्या दीर्घ रचना रोज वाजवून घासूनपुसून घेण्यासाठी स्वतःचा बँड कायम हाताशी होता. मेरी लू यांना तसा वाद्यवृंद कधीच मिळाला नाही. त्यांच्या रचना अपुऱ्या वाटतात तेथे बहुतेक वेळा तालमीचा पैसा अपुरा होता, हे लक्षात घेऊन निवाडा करावा.

काळी दोन यांचे उत्तर

सेसिल टेलर यांच्याबरोबरची मैफल १७ एप्रिल १९७७ रोजी कार्नेगी हॉलमध्ये झाली आणि ‘एम्ब्रेस्ड’ या नावाने निघाली. आपल्याला ती ऐकवत नाही यात काही गैर नाही, कारण मेरी लू यांच्या अपेक्षेप्रमाणे ती झालीच नाही. पूर्वार्धात जॅझचा इतिहास, म्हणजे स्पिरिच्युअल, रॅगटाइम, ब्लूज, बूगी, असे क्रमाने मांडून दोघांनी एकत्र पुढे जावे, अशी त्यांची योजना होती. इतिहासाचा तो क्रम त्यांना इतका महत्त्वाचा वाटे की त्यांनी चित्रकार डेव्हिड स्टोन मार्टिन यांच्याकडून त्याचा वृक्षही काढून घेतला होता, ज्याच्या मुळाशी दुःखभोग आहे आणि खोडात ब्लूज. टेलर मात्र आपल्या वाटेने, स्वरांचा पूर वाहावा तसे वाजवत राहिले. तरीही मला ती मैफल मोलाची वाटते. सहासष्ट वर्षांच्या बाईने, ज्यांच्याशी आपले पटणार नाही हे जवळपास ठाऊक होते अशा माणसाला आपण होऊन बोलावले. त्या गदारोळात खालून ऐका, त्यांचा डावा हात ब्लूजचा आराखडा सोडत नाही. तेथे त्यांनी साधले ते एवढेच, की आराखडा टिकला.

त्याच वर्षी त्या ड्यूक विद्यापीठात कलाकार-अध्यापक म्हणून गेल्या आणि मृत्यूपर्यंत तेथे शिकवत राहिल्या. आईने शिक्षक लावला नाही म्हणून कानाने शिकलेल्या या बाईंनी तेथेही विद्यार्थ्यांना आधी ऐकायला आणि गायला लावले.

उत्तररात्र

ऐकण्याच्या क्रमाविषयी माझी सूचना अशी. जन्मवर्षापासून सुरुवात करू नका. ‘झोनिंग’पासून करा, कारण तेथे बॉब क्रॅन्शॉ यांचा बेस आणि मिकी रोकर यांचे ड्रम बरोबर असून ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, आणि चौसष्टाव्या वर्षी त्या किती थोड्या स्वरांत किती सांगत होत्या ते कळते. मग मागे जाऊन ‘वॉकिन अँड स्विंगिन’ आणि ‘नाइट लाइफ’. ‘झोडिॲक स्वीट’ प्रथम टाउन हॉलची ऐकू नये. बेसवादक अल लुकस आणि ड्रमवादक जॅक पार्कर यांच्यासह १९४५ मध्येच ॲश कंपनीसाठी केलेली त्रिकुटाची आवृत्ती आधी ऐकावी, आणि नंतर पियानोवादक ॲरन डील यांनी ‘द नाइट्स’ या वाद्यवृंदाबरोबर केलेली २०२३ ची. तिच्यात तालमी झालेल्या आहेत, आणि मंद्रसप्तक यांना जे भाग अपुरे वाटले ते तेथे पुन्हा तपासून पाहता येतील. संत मार्टिनचे स्तोत्र मात्र शेवटी, आणि शक्यतो एकट्याने न ऐकता कोणीतरी समूहगान केलेली व्यक्ती शेजारी असताना ऐकावे. मधल्या आवाजांच्या ओळी कशा लिहिल्या आहेत ते गाणाऱ्याला आधी कळते.